लहानपणी शाळेची पायरीही न चढलेल्या पंडिता रमाबाईंनी प्रत्येक मुलीला झेपेल अशी शाळा कशी उभी केली?

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, मग त्याचं पुढे होणार काय? दुसरा प्रश्न नातेवाईक विचारतात, शाळेत असं काय वाईट आहे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे प्रश्न नवे नाहीत. आई-बाप सकाळच्या लोकलने मुंबईला जाणार, मूल गच्च भरलेल्या वर्गात बसणार. कुणाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला ऐकू कमी येतं, कुणी एका जागी बसूच शकत नाही. वर्ग पुढे जातो, मूल मागे राहतं. ख्रिस्ती कुटुंबांमध्ये यात आणखी एक प्रश्न मिसळतो. मुलाला धर्म कुणी शिकवायचा आणि किती शिकवायचा? चर्चने, शाळेने की आईने?

होमस्कूलिंग म्हणजे अमेरिकेतून आलेलं फॅड, असं अनेकांना वाटतं. पण महाराष्ट्राच्या इतिहासात एक बाई अशी होऊन गेली, जी पूर्णपणे घरी शिकली, त्या शिक्षणावर पंडिता झाली आणि त्याच शिक्षणातल्या उणिवांमुळे उपाशीही राहिली. पुढे तिने शाळा काढली, तेव्हा आपल्याला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, या दोन्ही गोष्टी तिने लक्षात ठेवल्या. धर्माचा प्रश्न तर तिला आयुष्यभर पुरला.

त्या बाईचं नाव पंडिता रमाबाई.

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जंगल गाठलं

गोष्ट सुरू होते रमाबाईंच्या वडिलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, कर्नाटकातल्या कारकळ भागातल्या माळ गावचे. शिकायला ते पुण्याला आले. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जायचे. बाई संस्कृत शिकू शकते, हे तरुण अनंतशास्त्रींनी तिथे पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही.

गावी परतल्यावर त्यांनी पहिल्या पत्नीला शिकवायचा प्रयत्न केला. घरच्यांनी तो हाणून पाडला. पुढे ती वारली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांचं दुसरं लग्न झालं, नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हाची ती रीत होती. वेगळं होतं ते पुढचं. अनंतशास्त्रींनी या मुलीला संस्कृत शिकवायला घेतलं आणि या वेळी माघार घेतली नाही.

समाजात गहजब झाला. उडुपीला पंडितांच्या सभेसमोर त्यांना आपली बाजू मांडावी लागली. स्त्रियांना पुराणं, काव्य, व्याकरण शिकवायला शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधाराने दाखवून दिलं. वेद मात्र त्यांनीही बायकोला शिकवले नाहीत. रोजच्या कटकटीला कंटाळून शेवटी ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले.

त्याच जंगलात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला.

आईच्या मांडीवरची शाळा

रमा सहा महिन्यांची असताना हे घरही सुटलं. घरी शिष्य यायचे, पाहुणे यायचे, सगळ्यांचं खाणंपिणं शास्त्रीबुवांकडे. कर्ज झालं, जमीन गेली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या पेटाऱ्यात ठेवलेली रमा गड्याच्या डोक्यावरून जंगलाबाहेर आली. पुढची कितीतरी वर्षं या कुटुंबाला कायमचा पत्ताच नव्हता. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं.

मुलांना शाळेत घालायचा प्रश्नच नव्हता. वडील म्हातारे झाले होते, त्यांची दृष्टीही अधू झाली होती. त्यामुळे रमाची शिक्षिका झाली तिची आई.

लक्ष्मीबाईंना दिवसभर कामं असायची. मग त्यांनी पहाटेची वेळ शोधली. पाखरं जागी व्हायच्या सुमारास त्या लेकीला उठवायच्या, जवळ घ्यायच्या आणि तिची झोप उडेपर्यंत लाडाने बोलायच्या. मग पाठ सुरू. पाटी नाही, फळा नाही. आईने म्हणायचं, मुलीने मागून म्हणायचं. चालता चालता, काम करता करता उजळणी. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे चाललं. भागवताचे श्लोक आहेत १८,०००. बाराव्या वर्षापर्यंत रमाला ते पाठ झाले होते, असं सांगतात. सोबत व्याकरण, कोश आणि प्रवासात कानावर पडतील त्या भाषा.

आजच्या शब्दांत सांगायचं, तर मुलीची बलस्थानं ओळखून बेतलेलं हे शिक्षण होतं. रमाचं पाठांतर दांडगं होतं. आईने तेच धरलं आणि आपल्या व तिच्या दिवसात बसेल ती वेळ निवडली.

आणखी एक गोष्ट वेगळी होती. थोरल्या कृष्णाबाईचं लग्न लहानपणीच लावलं होतं. जावयाला घरी ठेवून शिकवायचं, असा शास्त्रीबुवांचा बेत होता. तो फसला आणि त्या लग्नात मुलीच्या आयुष्याची परवड झाली. त्यामुळे धाकट्या रमाचं लग्न त्यांनी लवकर लावलंच नाही. म्हणून ती शिकत राहिली.

श्लोक पाठ होते, पण भाकरी कमवता येत नव्हती

इथवर ही गोष्ट घरच्या शिक्षणाच्या यशाची वाटते. पण १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला.

लोकांकडेच खायला नव्हतं, तर पुराणिकाला कोण देणार? डोंगरे कुटुंबाने भांडी विकली, दागिने विकले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले. काही दिवसांतच आई गेली. पुढे कॉलऱ्याने कृष्णाबाई गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

या काळाबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. आपल्याला संस्कृत उत्तम येत होतं, पण अंगमेहनतीचं कुठलंही काम येत नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. मुलं व्यवहारात पडली तर धर्मापासून दूर जातील, या भीतीने आई-वडिलांनी त्यांना इंग्रजी किंवा इतर व्यावहारिक विद्या शिकू दिली नव्हती. पंडिताच्या मुलांनी मजुरी करायची, तर कुळाचा अभिमान आड यायचा. ज्या शिक्षणाने मुलीला उभं केलं, त्यानेच तिला दुष्काळात निहत्थं सोडलं.

रमाबाई आई-वडिलांना दोष देत बसल्या नाहीत. पण पुढे त्यांनी जी जी शाळा काढली, तिथे पुस्तकासोबत हाताचं काम आलंच. ते का आलं, हे दुष्काळातल्या त्या दिवसांकडे पाहिलं की कळतं.

पंडिता झाली, विधवा झाली, आई झाली

भाऊ-बहीण हजारो मैल पायी फिरले. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे तिथल्या विद्वानांनी पाहिलं, तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. घरी शिकलेल्या मुलीला पंडितांच्या सभेने मान्यता दिली होती.

पुढची चार वर्षं भराभर गेली. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे पुन्हा गहजब. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने बिपिनबिहारी गेले.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी. रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती.

स्वतः डॉक्टर व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पण तिथे एक अडचण आली. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते वाढत चाललं होतं. डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला.

हा तपशील बऱ्याचदा सुटून जातो. वेगवेगळ्या गरजांच्या मुलींना शिकवणारी ही बाई स्वतः कमी ऐकू येण्याचा त्रास घेऊन जगत होती.

मनोरमाला धर्म कुणी शिकवायचा?

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. हा मठ कॅथलिक नव्हता, पण तिथली उपासना, व्रतं आणि शिस्त बरीचशी कॅथलिक वळणाची होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी तिथे बाप्तिस्मा घेतला. मनोरमाचाही झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली.

आता ही बाई मठाच्या आज्ञेत राहील, असं जोगिणींना वाटलं असेल. झालं उलटंच.

रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता, पण प्रश्न विचारायचे सोडले नव्हते. क्रूसावर लॅटिन मजकूर कशाला, असं त्यांनी विचारलं. ती भाषा ना त्यांना समजत होती, ना त्यांच्या देशातल्या लोकांना. त्यापेक्षा संस्कृत का नको? चर्चचे सिद्धान्त नुसते सांगितले म्हणून मानायलाही त्या तयार नव्हत्या. आधी बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, हा त्यांचा हट्ट. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवायला लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी आक्षेप घेतला. त्यांनी त्यांच्याशीही वाद घातला. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांना समजून घेतलं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो मनोरमावरून. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मुलीला चर्चच्या चौकटीत वाढवावं, ही त्यांची इच्छा. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. मुलीला देवाची ओळख व्हावी, पण जे आईलाच पटलेलं नाही ते तिच्या तोंडून पाठ म्हणून घेऊ नये. ती परदेशात वाढली, तरी आपला देश आणि आपली माणसं यांना परकी होऊ नये. या विषयावरचा त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात वाचायला मिळतो आणि तो दोन्ही बाजूंनी कडवट आहे.

यात जोगिणींना खलनायिका ठरवायचं कारण नाही. त्यांनी रमाबाईंना आसरा दिला, मनोरमावर माया केली, रमाबाई अमेरिकेत असताना तिला सांभाळलं. प्रश्न मायेचा नव्हता, अधिकाराचा होता. श्रद्धा घरातून यावी की संस्थेतून? आज घरी शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबंही याच प्रश्नाशी झगडतात.

कल्याणच्या आनंदीबाई आणि खेळातलं शिक्षण

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे आजच्या उल्हासनगरच्या अगदी शेजारच्या. त्यांनाही नवऱ्याने, गोपाळरावांनी, घरीच शिकवायला सुरुवात केली होती. त्या रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई समोर बसल्या होत्या. घरी शिकून मोठ्या झालेल्या दोन मराठी बायका अमेरिकेत एका सभागृहात होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई क्षयाने गेल्या.

रमाबाई मात्र थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या जवळपास तीन वर्षं राहिल्या. तिथे त्यांना एक नवी गोष्ट दिसली, किंडरगार्टन. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेबेलची ही पद्धत. मुलाच्या हातात चेंडू, ठोकळे, रंगीत कागद द्यायचे. मुलाने ते हाताळायचं, रचायचं, मोडायचं आणि त्यातून आकार, संख्या, भाषा शिकायची.

सगळं कानाने ऐकून शिकलेल्या बाईला हे एकदम पटलं. सगळ्यांचं पाठांतर आपल्यासारखं नसतं. कुणी हाताने शिकतं, कुणी डोळ्याने. रमाबाईंनी फिलाडेल्फियात या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि मराठी मुलांसाठी तशी क्रमिक पुस्तकं तयार करायला घेतली. सोबत देशभर भाषणं देऊन पैसे उभे केले. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि वर्षाअखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

शारदा सदन

११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनी दोन. त्यातल्या बालविधवा गोदूबाई जोशी म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे, धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी.

शारदा सदनचा प्रश्न नेहमीच्या शाळेहून वेगळा होता. इथे वीस वर्षांची बाई पहिल्यांदा अ-आ गिरवणार होती. तिच्या शेजारी आठ वर्षांची विधवा बसणार होती. काहींचे केस घरच्यांनी काढलेले, काहींना पांढऱ्या पायाची म्हणून वर्षानुवर्षं टोमणे खावे लागलेले. त्यांना वयाप्रमाणे वर्गात बसवून चालणार नव्हतं.

म्हणून रमाबाईंनी आधी घर उभारलं. मुलींना केस वाढवायची मोकळीक होती. बागेत फिरायची, फुलं तोडायची मोकळीक होती. विधवेला अशा साध्या गोष्टीही नाकारल्या जात होत्या. सोवळं-ओवळं पाळायचं असेल तर पाळा, पूजा करायची असेल तर करा, असा नियम होता. शिकण्यासाठी कुणाला आपल्या घरचा धर्म सोडायला लागू नये, हे ठरलं होतं. वाचनालयात धर्मग्रंथ सगळ्यांचे होते.

खर्च परवडेना म्हणून १८९० च्या अखेरीस शारदा सदन पुण्याला हललं. आज ज्या रुळांवरून अंबरनाथ-बदलापूरच्या लोकल धावतात, तीच तेव्हाची मुंबई-पुणे लाइन. अंबरनाथ तेव्हा शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिराचं गाव होतं आणि उल्हासनगर तर अस्तित्वातच नव्हतं. ते १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वसलं.

१८९३ चा वाद

पुण्यात जे व्हायचं ते झालं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, ही बातमी शहरात पसरली.

टिळकांच्या ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. तो भरवसा मोडला, हा आक्षेप होता. रमाबाईंच्या बाजूने उभे असलेले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हेही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये रमाबाईंनी जो हक्क आई म्हणून स्वतःसाठी मागितला होता, तोच आता पुण्यातले पालक मागत होते. माझ्या मुलीने कुठला धर्म शिकायचा, ते आम्ही ठरवणार. फरक इतकाच, की यातल्या कित्येक विधवा मुलींना घरात ठरवायचा हक्क कधीच नव्हता. पालकांचा हक्क मोठा की मुलीचा? रमाबाईंनी मुलीच्या बाजूने कौल दिला आणि त्याची किंमत मोजली. त्यांच्यावरचा हा आक्षेप पुढे कधीच पुसला गेला नाही.

केडगाव : एका आवारात अनेक शाळा

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंना आपलं बालपण आठवलं. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुलींना ठेवायचं कुठे? पुण्याच्या पुढे दौंड मार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या बायका-मुलांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

शारदा सदनच्या मुली बहुतेक उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. या नव्या मुली गावोगावच्या, अनेक जातींच्या, अनेक भाषांच्या. कित्येक जणी हाडांचे सापळे झालेल्या, काही आजारी, काही अत्याचार सोसून आलेल्या. त्यांना सरसकट एक पुस्तक देऊन काय होणार होतं?

रमाबाईंनी मुलींच्या गरजेप्रमाणे घरं आणि शाळा वेगळ्या केल्या. लहानग्यांसाठी बालवर्ग. अभ्यासात गती असलेल्यांसाठी शारदा सदन. वाट चुकलेल्या किंवा फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि अशक्त बायकांसाठी प्रीती सदन. मुलग्यांसाठी सदानंद सदन. जुन्या मुलींनी नव्या मुलींना सांभाळायचं, शिकवायचं. हजारो मुलींना पगारी शिक्षक पुरवणं शक्य नव्हतं, म्हणून शिकलेली मुलगीच पुढची शिक्षिका झाली.

पुस्तकात जिचं डोकं चालत नसेल, तिच्यासाठी काम होतं. शेती, विहिरी, गाई, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, स्वयंपाक, छापखाना. शिकणारी प्रत्येक मुलगीही काहीतरी हाताचं काम शिकायची. रमाबाईंच्या आई-वडिलांनी मुलांना श्रमापासून दूर ठेवलं होतं. रमाबाईंनी ती चूक आपल्या मुलींच्या बाबतीत होऊ दिली नाही.

मुक्तीत धर्माची तटस्थता मात्र उरली नव्हती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीला अन्नासोबत धर्म दिला, तर ती निवड मोकळी म्हणायची का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. रमाबाईंच्या कामाचं मोल सांगताना हा प्रश्न टाळता येत नाही.

बोटांनी वाचणाऱ्या मुली

दुष्काळातून आलेल्या मुलींमध्ये काही अंध होत्या. त्या काळी अंध मुलगी म्हणजे भीक मागणार, नाहीतर कोपऱ्यात बसून राहणार. भारतात अंधांसाठी पहिली शाळाच १८८७ मध्ये अमृतसरला निघाली होती. महाराष्ट्रातल्या एका खेड्यात अंध मुलींनी वाचायला शिकावं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मुक्तीत त्यांच्यासाठी बार्तीमी सदन निघालं. बायबलमध्ये येशूने ज्या आंधळ्या भिकाऱ्याला दृष्टी दिली, त्या बार्तीमयाच्या नावावरून हे नाव. हे काम अंगावर घेतलं मनोरमाने. इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतलेल्या मनोरमाने स्वतः ब्रेल शिकून घेतलं आणि अंध मुलींना शिकवलं. फुगीर ठिपक्यांवरून बोटं फिरवत या मुली वाचू लागल्या. सोबत हाताला जमतील अशी कामं शिकल्या.

जिच्या शिक्षणावरून इंग्लंडमध्ये एवढं रण माजलं होतं, ती मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. शारदा सदनची जबाबदारीही तिनेच सांभाळली.

शेवटचं काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एकटीने एक अवाढव्य काम हाती घेतलं. बायबलचं मराठी भाषांतर. बायबल मराठीत आधीच होतं. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, मुक्तीतल्या खेडवळ मुलींना ती जड जायची. संस्कृत पंडिता असलेल्या बाईने सोप्या मराठीचा आग्रह धरला. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखान्यातले खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या मुली-बायकांनीच केली.

तरुणपणी ज्या बाईने क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांना हरकत घेतली होती, तिचं म्हणणं इतक्या वर्षांनीही तेच होतं. शिकणाऱ्याला कळत नसेल, तर बदल भाषेत करायचा.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. संस्था जिच्या हाती द्यायची, तीच गेली. भाषांतराचं काम संपत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही प्राण सोडला. छापलेलं पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

आज याचं काय?

आज घरी शिकणारं मूल मुक्त विद्यालयाच्या मार्गाने दहावी-बारावीची परीक्षा देऊ शकतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकायचा पर्याय त्या दुरुस्तीने दिला. लक्ष्मीबाईंना हे शिक्षण तीर्थयात्रेच्या भटकंतीत द्यावं लागलं होतं.

पण कायद्याने सगळं सुटत नाही. बदलापूरच्या एखाद्या घरात आई आपल्या मुलाला समोर बसवून शिकवते, तेव्हा तिच्यापुढे रमाबाईंचेच प्रश्न असतात. याला कसं समजतं? कानाने, डोळ्याने की हाताने? हा उद्या पोट कसं भरेल? आणि माझी श्रद्धा मी याला देताना याला प्रश्न विचारायची मुभा देते आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रमाबाईंनी केडगावला करून दाखवली. तिसऱ्यावर त्या स्वतः आयुष्यभर भांडत राहिल्या, कधी मुलीची आई म्हणून, तर कधी शेकडो मुलींची बाई म्हणून.